का

त्याला अख्खं ‘अक्का’ म्हणता येत नाही.
शेवटचं तेवढं येतं : का.
चव्वेचाळीस वर्षं झाली,
मशीनच्या खडखडाटावरून
पलंगावरून तो विचारतो, का,
आणि मी म्हणते, आले.

सुपडू हे नाव मायनं ठेवलं.
त्याच्या आधीची दोन राहिली नाहीत,
म्हणून हा जन्मला तसा सुपात घातला,
शेजारच्या वंजीमावशीला सव्वा रुपयाला विकला
आणि परत घेतला.
अकराव्या महिन्यात ताप आला.
गूळ तर आधीच वाटून झाला होता.

दर दोन तासांनी कूस बदलायची.
एक ब्लाउज म्हणजे एक कूस,
अस्तराचा असला तर दोन.
बाया विचारतात, कधी देशील,
मी मनात कुशी मोजते आणि वार सांगते.
मे महिन्यात चोपड्याला लाइट जाते, कूलर थांबतो,
तेव्हा ओली चादर त्याच्या अंगावर
आणि तिचंच एक टोक माझ्या डोक्यावर.

त्याच्या मुठी उघडत नाहीत.
सकाळी कोमट पाण्यात धरून
करंगळीपासून सुरुवात करायची,
अंगठ्यापासून केली तर रागावतो.
आत आंबट दह्याचा वास.
पुसायचं, पावडर लावायची,
कापडाची गुंडाळी ठेवायची,
नाहीतर नखं तळव्यात रुततात.
उरलेलं अस्तर त्यालाच लागतं.
आज कुणाचं जांभळं, उद्या कुणाचं पोपटी.

हयातीच्या दाखल्याला रिक्षानं नेला.
खिडकीतला मुलगा म्हणाला, अंगठा लावा.
म्हटलं, थांब रे जरा.
तहसीलच्या पायरीवर थर्मासमधलं पाणी,
करंगळी, मग तिच्या शेजारचं,
मागं रांग वाढत गेली.
अंगठा निघाला पण ओला. मशीन घेईना.
पाच वेळा तांबडा दिवा.
दिवा लागला की सुपडू हसतो.
म्हटलं, बघ ना, जिवंत आहे, हसतोय.
तो म्हणाला, मावशी, मला दिसतंय,
ह्याला दिसत नाही.

श्रावणात सुरतेहून चुलतभाऊ येतात, कानबाईला.
रोटाचे गहू मोजायला बसतात,
घरातल्या एकेका गड्याच्या नावानं सव्वा मूठ.
माणिक म्हणतो, ही सुपडूभाऊची,
आणि स्वतःच्या मुठीनं टाकतो.
बायांची मोजत नाहीत.
माणिकची बायको माझ्या खांद्यावर हात ठेवते,
आक्का, तू शे म्हनीसन हाऊ शे.
सोमवारी कानबाई नदीवर जाते
आणि ती सगळी गाडीवर.

यंदा रविवारी रात्री गाणी संपली,
पोरं जिथल्या तिथं झोपली.
नारळावरची नथ समईत हलत होती.
मी तिला म्हटलं, आधी हा.
एकच दिवस आधी.
तो दिवसही मला आरामाला नको,
त्याच्या चादरी धुऊन वाळायला लागतो तेवढा.

म्हटलं आणि हातपाय गार पडले.
बोललेलं परत घ्यावं म्हणून
पिशवीत सव्वा रुपया शोधला.
रुपया होता.
चार आणे आता चालत नाहीत.

आतून आवाज आला, का.
मी उठले नाही.
का. का.
इतकी वर्षं आले, आले म्हणते,
पण आले म्हणायला
गेले कुठं होते मी?

सुरतेची मंडळी घोरत होती.
नऊवारीचा ओचा खोचला,
त्याच्या पाठीखाली हात घातला.
पाठ गरम होती, चादर कोरडी.
काही नको होतं त्याला.